फोन खालच्याच राउटरला का चिकटून राहतो?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. नागपुरात मानेवाड्याच्या बाजूला पंधराशे फुटी प्लॉटवर दुमजली घर. तळमजल्याच्या हॉलमध्ये इंटरनेट कंपनीने बसवलेला राउटर. वरच्या खोलीत ऑफिसचं काम चालतं म्हणून तिथे दुसरा राउटर आणला, खालून केबल ओढली, दोघांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला. तरी खाली जेवून वर आलं की फोन आणि लॅपटॉप खालचाच राउटर धरून बसतात आणि मीटिंगमध्ये आवाज तुटतो. वाय-फाय बंद करून पुन्हा चालू केलं की लगेच वरचा पकडतात. सीताबर्डीच्या दुकानदाराने 'हे दोन्ही काढा, मेश (एकमेकांशी बिनतारी बोलणाऱ्या राउटरांचा संच) लावा' असं सुचवलं आहे. लावावं का?

इतक्यात लावू नका. बंद-चालू केल्यावर वरचा राउटर नीट चालतो, म्हणजे सिग्नल आहे, केबलही ठीक आहे. अडतं ते एवढ्यावरच की फोनला जागा बदलावीशी वाटत नाही. नवीन डबा आणला तरी फोन तोच राहणार.

वाय-फायमध्ये कोणत्या राउटरला जोडायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. मोबाइलच्या टॉवरमुळे लोकांचा इथे गोंधळ होतो. वर्धा रोडने जाताना बोलता बोलता तुमचा फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो, तेव्हा तो हुकूम कंपनीच्या नेटवर्ककडून येतो. फोन फक्त मोजमाप कळवत असतो. वाय-फायच्या ८०२.११ या प्रमाणात तसं नाही. कधी शोधायचं, कुठे जायचं, जायचं की नाही, हे सगळं फोनच्या सॉफ्टवेअरवर सोडलं आहे आणि प्रत्येक कंपनीने आपापले नियम लावले आहेत. म्हणून एकाच घरात एकाच जिन्यावर सासूबाईंचा फोन पटकन बदलतो आणि तुमचा बदलत नाही.

बहुतेक कंपन्या हे नियम सांगत नाहीत. ॲपलने मात्र छापून दिले आहेत. आयफोनला मिळणारा सिग्नल उणे ७० डीबीएमपेक्षा (डीबीएम हे सिग्नलचा जोर मोजायचं एकक, दोन आकड्यांतला फरक डीबीमध्ये सांगतात) चांगला असेल तर तो दुसरा राउटर शोधायलाच जात नाही. त्याखाली घसरला की शोध सुरू होतो. शोधात जो राउटर सापडेल तो सध्याच्यापेक्षा ८ डीबीने सरस असला पाहिजे, आणि त्या क्षणी डेटाची देवघेव चालू नसेल तर १२ डीबीने. मॅक लॅपटॉप तर उणे ७५ पर्यंत दम धरतो आणि मग १२ डीबीचा फरक मागतो. हे आकडे उणे असल्यामुळे शून्याकडे जाईल तितकं चांगलं: उणे ४५ म्हणजे राउटर समोरच आहे, उणे ८० म्हणजे कसंबसं. आणि दर १० डीबीला शक्ती दहापट बदलते, त्यामुळे उणे ६० आणि उणे ७० हे दिसायला जवळचे वाटले तरी तसे नाहीत.

आता तुमचा जिना चढून बघू. हॉलमध्ये खालचा राउटर उणे ४८ देतो. जिन्याच्या वळणावर उणे ६०. वर खोलीत आलात, मध्ये एक स्लॅब आला, तरी उणे ६७. वरचा राउटर टेबलावरून उणे ४५ देतोय, म्हणजे शंभरपटीहून जास्त जोरात, पण फोनला ते माहीतच नाही, कारण ६७ हे ७० च्या अलीकडे आहे आणि त्याने शोध सुरूच केलेला नाही. त्याच्या हिशोबाने सगळं उत्तम चाललंय. (हे आकडे समजावण्यापुरते, तुमच्या घरचे तुम्ही मोजा, कसे ते खाली सांगतो.)

मग ६७ वर कॉल तुटतो का? तुटायला नको खरं तर. पण फोनच्या पडद्यावरच्या काड्या राउटरचा आवाज फोनला किती येतो तेवढंच दाखवतात. फोनचा आवाज राउटरपर्यंत किती पोचतो हे त्यात नाही. राउटर भिंतीच्या विजेवर चालतो, अँटेना मोठ्या, जोर जास्त. फोन छोट्या बॅटरीवर, हातात झाकलेला, दमात कमी. म्हणजे गच्चीवरच्या माणसाला अंगणातली हाक ऐकू यावी, पण त्याचं हळू बोलणं खाली कोणालाच कळू नये, तसं होतं. व्हिडिओ पाहताना हे जाणवत नाही, कारण माल राउटरकडून फोनकडे येतो. मीटिंगमध्ये तुमचा चेहरा आणि आवाज उलट दिशेने जायचा असतो, तिथे लगेच उघडं पडतं. समोरचे लोक 'तुमचा आवाज कापला जातोय' म्हणतात आणि तुम्हाला त्यांचा मात्र व्यवस्थित येतो. ही खूण लक्षात ठेवा.

इथे जवळजवळ प्रत्येक जण उलटं करतो. वर नीट येत नाही म्हणून खालच्या राउटरची ताकद 'हाय' करतो, लांब अँटेना लावतो. त्याने खालचा राउटर वर आणखी जोरात ऐकू येतो, फोन ७० च्या खाली कधीच जात नाही, चिकटणं पक्कं होतं. करायचं ते याच्या विरुद्ध: खालच्याचा आवाज कमी करा. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो. राउटरच्या सेटिंगमध्ये वायरलेसच्या ॲडव्हान्स भागात 'ट्रान्समिट पॉवर' मिळतं, २.४ गिगाहर्ट्झला 'लो', ५ गिगाहर्ट्झला 'मिडियम' ठेवून बघा. २.४ जास्त दाबायचं कारण असं की ती लहर भिंती-स्लॅबमधून लांब जाते. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असलं की फोन वर गेल्यावर वरच्या राउटरच्या ५ कडे येण्याऐवजी खालच्याच राउटरच्या २.४ वर उतरून तिथेच मुक्काम ठोकतो. कॅमेरे, स्मार्ट बल्ब यांना २.४ लागतं, ते पूर्ण बंद करू नका. कंपनीच्या राउटरमध्ये हे सेटिंग कुलूपबंद असेल तर ग्राहक सेवेला सांगून उघडून घ्या. नसेलच उघडत तर राउटर जिन्याजवळून हलवून समोरच्या भिंतीकडे न्या. चार-पाच फूट आणि मध्ये एक भिंत एवढ्यानेसुद्धा आकडा बराच पडतो.

पण हे सगळं करायच्या आधी एक गोष्ट तपासा, नाहीतर मेहनत वाया जाईल. नाव-पासवर्ड एक असले म्हणजे नेटवर्क एक झालं असं नाही. तुम्ही केबल दुसऱ्या राउटरच्या कोणत्या पोर्टात लावली? वेगळ्या रंगाच्या, 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेल्या पोर्टात लावली असेल तर वरचा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवतो, स्वतः पत्ते वाटतो. फोन खालून वर आला की त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) बदलतो आणि चालू कॉल, चालू डाउनलोड, ऑफिसचं व्हीपीएन, सगळं एकदम पडतं. वरून प्रिंटर सापडत नाही ही तक्रारही बहुधा इथलीच. फोनच्या वाय-फाय माहितीत खाली असताना आणि वर असताना आयपी बघा. खाली १९२.१६८.१.२३ आणि वर १९२.१६८.०.१०५ असं काही दिसलं तर दोष सापडला.

दुसऱ्या राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडला की काम झालं. नसेल तर हाताने करा, आणि याच क्रमाने करा. केबल काढून ठेवा. वरच्या राउटरचा स्वतःचा पत्ता खालच्याच्या रांगेतला पण वेगळा द्या, खालचा १९२.१६८.१.१ असेल तर वरच्याला १९२.१६८.१.२. खालचा राउटर ज्या टप्प्यातले पत्ते वाटतो त्यात हा येत नाही ना, तेवढं पाहा. मग वरच्याचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा. मग केबल वॅनमध्ये नाही, लॅनच्या (घरातल्या जोडणीच्या) पोर्टात लावा. नाव आणि पासवर्डबरोबर सुरक्षेचा प्रकारही जुळवा: एकीकडे डब्ल्यूपीए२ आणि दुसरीकडे नुसतं डब्ल्यूपीए३ असेल तर काही फोन त्यांना दोन वेगळी नेटवर्क समजतात. काही जण मुद्दाम 'घर खाली' आणि 'घर वर' अशी दोन नावं देतात. जागेवरून न हलणाऱ्या टीव्हीसाठी ते ठीक आहे. हातातल्या फोनसाठी नको, कारण वेगळं नाव म्हणजे फोनच्या लेखी वेगळं घर. हल्लीचे फोन प्रत्येक नावाला वेगळा बनावट मॅक पत्ताही (यंत्राचा ओळख क्रमांक, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) दाखवतात, त्यामुळे आयपीसुद्धा नवा मिळतो.

चॅनेलचं (पट्टीतल्या क्रमांक दिलेल्या कप्प्यांचं) थोडक्यात: २.४ वर खाली १ आणि वर ११ ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ वर खाली ३६, वर १४९. मधल्या ५२ ते १४४ या चॅनेलांवर अनेक फोन स्वतः हाक मारत नाहीत, राउटरची नित्याची घोषणा ऐकू येण्याची वाट बघतात. ती घोषणा साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी होते. तेवढा वेळ प्रत्येक चॅनेलवर थांबायचं म्हटलं की शोध लांबतो, आणि शोध लांबला की चालू बोलण्यात खड्डा पडतो. राउटर 'ऑटो'वर सोडला तर तो नेमका तिथे जाऊन बसू शकतो.

आता आपल्या गावची गोष्ट. एप्रिल लागला की मला 'राउटर बिघडला' म्हणून फोन येऊ लागतात आणि त्यातले बरेच बिघडलेले नसतात. खिडकीत कूलर चढलेला असतो. पत्र्याची बॉडी, खाली टाकीभर पाणी, तीन बाजूंना भिजलेलं गवत. वाय-फायच्या लहरींना पत्रा परत फिरवतो आणि पाणी पिऊन टाकतं. हिवाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यात छान चालणारा राउटर आता कूलरच्या पाठीमागे गेलेला असतो. पलंगावरून त्याचा आकडा दहा-पंधराने पडतो आणि फोनला हवा असलेला ८ किंवा १२ डीबीचा फरकच उरत नाही. फोन मग खालच्यालाच धरून बसतो, आणि त्याच्या नियमाने त्याचं बरोबरच असतं. वरचा राउटर कूलरच्या समोरच्या भिंतीवर, डोक्याच्या वर, उघड्यावर लावा. कपाटात नको, टीव्हीच्या मागे नको.

उन्हाचा दुसरा मार वेगळा आहे. घरगुती राउटरच्या खोक्यावर वापराचं तापमान बहुधा ० ते ४० अंश छापलेलं असतं. मे महिन्यात नागपुरात बाहेरच ४५ पर्यंत जातं. गच्चीच्या स्लॅबखालच्या बंद खोलीत, कूलर बंद असताना दुपारी काय होत असेल ते सांगायला नको. राउटर तापतो आणि स्वतःहून रीस्टार्ट होतो. दीड-दोन मिनिटांत तो परत येतो, पण तोवर वरचे सगळे फोन, लॅपटॉप खालच्या राउटरवर गेलेले असतात. तिथे त्यांना उणे ६७ मिळालं की परत यायचं कारणच नाही. संध्याकाळी सात वाजता मीटिंग अडखळते, आणि कारण दुपारी तीनला घडून गेलेलं असतं. लाइन गेल्यावरही अगदी हेच: खालचा राउटर छोट्या यूपीएसवर, वरचा थेट प्लगवर. लाइन दोन मिनिटं गेली तरी सगळे खाली उतरतात आणि तिथेच राहतात. दोन्हींना यूपीएस द्या. मध्ये नेटवर्क स्विचचा (केबली जोडणारा) डबा असेल तर त्यालाही द्या. नाहीतर वरचा राउटर जिवंत, नाव दिसतंय, पण मागची केबल मेलेली, असं होऊन फोन भरल्या काड्यांनी 'इंटरनेट नाही' दाखवत बसेल.

दुकानदार 'के-व्ही-आर आहे का बघा' असं म्हणाला असेल, तर त्यात तथ्य आहे, पण तो सांगतो तेवढं नाही. ८०२.११के मध्ये राउटर फोनला शेजारच्या राउटरांची यादी देतो, म्हणजे फोनला सगळी चॅनेल चाळावी लागत नाहीत. ८०२.११व्ही मध्ये राउटर फोनला 'तिकडे जा, बरं पडेल' असं सुचवतो. सुचवतोच; फोन नाही म्हणू शकतो आणि बरेच म्हणतात. ८०२.११आर मध्ये जाण्याआधीच सुरक्षेच्या चाव्यांची तयारी होते, त्यामुळे नव्या राउटरवर ओळखपाळख कमी वेळात उरकते. के आणि आर २००८ चे, व्ही २०११ चं, म्हणजे ही काही नवी जादू नव्हे. तुमच्याकडे एकच पासवर्ड असलेलं घर आहे. तिथे नव्या राउटरशी चार निरोपांची देवाणघेवाण होते आणि ती डोळ्याची पापणी लवायच्या आत संपते, त्यामुळे 'आर'ने फारसं वाचत नाही. कॉलेजात किंवा इस्पितळात जिथे प्रत्येकाचं वेगळं युजरनेम असतं आणि दर बदलाला सर्व्हरकडे विचारणा जाते, तिथे तो वेळ सेकंदाच्या काही दशांशांत जातो. तिथे 'आर' हवंच. घरी के आणि व्ही चालू करा. आर बंदच राहू द्या, कारण जुने प्रिंटर आणि स्वस्त स्मार्ट प्लग ते दिसलं की कधीकधी जोडायलाच नकार देतात.

यापुढचा उपाय धक्क्याचा. काही राउटरांत 'मिनिमम आरएसएसआय' (आरएसएसआय म्हणजे सिग्नलचा तोच उणे आकडा) किंवा 'रोमिंग असिस्टंट' (रोमिंग म्हणजे इथे एका राउटरवरून दुसऱ्यावर जाणं) असतं. सिग्नल ठरलेल्या आकड्याखाली गेला की राउटर फोनला बाहेर काढतो. मला हा फारसा आवडत नाही. बाहेर काढलेला फोन कुठे जायचं हे पुन्हा स्वतःच ठरवतो आणि हट्टी असेल तर त्याच दारात परत येतो. आकडा कडक ठेवला तर फाटकाजवळ उभं राहून बोलणाऱ्याचा कॉल सारखा तुटतो, कारण तिथे त्याला दुसरा राउटरच नाही. ताकद कमी करूनही जमत नसेल तरच वापरा, आणि उणे ७५ ते ७८ च्या आसपास ठेवा. उणे ६५ वगैरे नको.

लॅपटॉपचं काम सोपं आहे. विंडोजमध्ये इंटेलचं वाय-फाय कार्ड असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये, ॲडव्हान्सच्या टॅबवर 'रोमिंग ॲग्रेसिव्हनेस' मिळेल. पाच पायऱ्या असतात आणि मूळ सेटिंग मधलं. एक पायरी वर चढवा. सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलं तर लॅपटॉप चालू मीटिंगमध्येही सारखा इकडेतिकडे डोकावत राहील. फोनमध्ये असं काही हाताशी नसतं, म्हणून फोनसाठी राउटरच नीट लावावे लागतात.

आता मेशबद्दल. मेशचा खरा फायदा राउटरांच्या आपसातल्या जोडणीत आहे: केबलशिवाय एकमेकांशी बोलतात आणि सगळ्यांचं सेटिंग एका ॲपमधून होतं. फोनला ढकलण्यासाठी त्यांच्याकडेही तेच के, तेच व्ही आणि तोच धक्का असतो. फोनचा निर्णय त्यांच्याही हातात नाही. ज्या घरात केबल नेणं शक्यच नाही, उदाहरणार्थ महाल भागातल्या जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात, तिथे मी आनंदाने मेश लावतो. तुमच्याकडे केबल आधीच वर गेली आहे. केबलवर चालणारा साधा राउटर बिनकेबलीच्या महाग मेशपेक्षा चांगलं काम देतो. रिपीटर (सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा) तर घेऊच नका. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि तेच पुन्हा बोलायचं, यात वेग निम्म्यावर येतो, आणि फोन त्या रिपीटरला चिकटला की पुन्हा हाच प्रश्न विचारावा लागेल.

केबल जर सांदवाडीतून (घराशेजारच्या अरुंद बोळातून) उघड्यावर ओढली असेल तर ती एकदा हातात घेऊन बघा. घरातली साधी केबल दोन उन्हाळ्यांत वरून तडकते आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरतं. मग वरचा राउटर अधूनमधून तुटतो आणि दोष रोमिंगवर जातो. बाहेरच्या वापराची, शुद्ध तांब्याची कॅट-६ घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार निम्म्या भावात मिळते, ती नको. विजेच्या तारेच्या पाइपातून नेऊ नका.

तपासायचं असं. मॅक असेल तर ऑप्शनची कळ दाबून धरा आणि वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा. बीएसएसआयडी आणि आरएसएसआय दिसतात. बीएसएसआयडी म्हणजे त्या त्या राउटरचा स्वतःचा ओळख क्रमांक. नाव सारखं असलं तरी हा वेगळा असतो, त्यावरून आपण कोणाला जोडलोय ते कळतं. अँड्रॉइडवर वाय-फाय ॲनालायझर नावाची ॲप्स मिळतात, त्यात दोन्ही राउटर शेजारी शेजारी दिसतात. खाली, जिन्याच्या वळणावर आणि वर टेबलाशी असे तीन ठिकाणी दोन्हींचे आकडे लिहून घ्या. खालचा राउटर वर टेबलाशी उणे ७५ च्या आसपास आणि वरचा उणे ५५ किंवा बरा, अशी स्थिती आली की बहुतेक फोन स्वतःहून बदलतात. वळणावर मात्र दोघांपैकी एक तरी उणे ६७ पेक्षा चांगला राहिला पाहिजे, नाहीतर ताकद फार उतरवली असं समजा. मग लॅपटॉपवर खालच्या राउटरच्या पत्त्याला सतत पिंग (उत्तर येतं का पाहणारी छोटी हाक) लावून जिना चढा. बदलताना एखाददुसरं पिंग हुकलं तर चालेल. राउटरला पिंग व्यवस्थित आणि ८.८.८.८ ला (इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता) तुटक असेल तर तुमचं घर ठीक आहे, तक्रार कंपनीकडे करा.

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि एक दिवस वापरून बघा. हे करूनही एखादा फोन अडून बसला तर त्या तीन ठिकाणचे आकडे, दोन्ही राउटरांची मॉडेलं आणि फोनचं मॉडेल लिहून पाठवा. फोन फार जुना असेल तर दोष त्याचाच निघण्याची शक्यता जास्त आहे.